पुडीनं काय होतंय?

आमच्याकडे, म्हणजे राणीसावरगावात आणि खरं तर गंगाखेड तालुक्यात कुठेही, लेकराला उलट्या-संडास लागले की पहिला प्रश्न येतो तो, "सलाईन लावली का?" लेकरू पाणी पितंय का, लघवी झाली का, अंगावर पितंय का, हे प्रश्न नंतर. बऱ्याचदा येतच नाहीत. फोनवरून चौकशी करणारी पुण्या-मुंबईची मंडळीसुद्धा हेच विचारतात (हो, आपल्याच घरातली. नावं घेत नाही, ज्यांचं त्यांना कळेल!). सलाईन लावली म्हटलं की पलीकडून सुटकेचा सुस्कारा ऐकू येतो. "लावली ना? मग झालं." आणि कुणी बिचारं म्हणालंच की सलाईन नाही, ओआरएस पाजतोय, तर दोन सेकंद शांतता. मग ते वाक्य. "पुडीनं काय होतंय?"

या वाक्याशी माझं भांडण आहे आणि आज ते सविस्तर भांडायचं ठरवलंय. ज्यांना एवढं वाचायला वेळ नाही त्यांनी सरळ खालचा ता.क. वाचावा. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. "तू काय डॉक्टर लागून गेलास का?" हे मला घरात ऐकवून झालेलं आहे. पण सलाईनच्या बाटलीत काय असतं हे वाचायला डॉक्टर व्हावं लागत नाही, चष्मा पुरतो. बाटलीवरच छापलेलं असतं. साधी 'नॉर्मल सलाईन' म्हणजे ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ. पाऊण चमचा धरा. बस्स. दुसरी 'डीएनएस' नावाची असते, तिच्यात मिठाबरोबर पाच टक्के ग्लुकोज, म्हणजे बाटलीत २५ ग्रॅम साखर. "सलाईननं अंगात ताकद आली" असं म्हणणाऱ्या आपल्या सगळ्या नातेवाइकांना माझा नम्र सवाल आहे की २५ ग्रॅम साखरेत कसली ताकद येणार? एका भाकरीएवढीही नाही. मग त्याच बाटलीत व्हिटॅमिनचं इंजेक्शन टाकून पाणी पिवळं करतात आणि ती 'पावरची सलाईन' होते. तिचा भाव वेगळा. रंगाचे पैसे आपण होळीत देतो तेवढे पुरे नाहीत का?

आता पुडीत काय असतं ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची एक लिटरची पुडी म्हणजे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. एकूण साडेवीस ग्रॅम. जुलाबातून मिठाबरोबर पोटॅशियमही वाहून जातं, त्यामुळे लेकरू मलूल होतं, पोट फुगतं. नॉर्मल सलाईनमध्ये पोटॅशियम औषधालाही नाही. पुडीत आहे. म्हणजे ज्या गोष्टीला आपण 'नुसती पुडी' म्हणतो तिच्यात, साध्या सलाईनच्या बाटलीत नसलेला जिन्नस आहे. फरक इतकाच की एक सुईतून जाते आणि एक तोंडातून.

"पण तोंडातून दिलेलं राहतंय कुठं? वरून दिलं की खालून जातंय," हे काकूचं म्हणणं. काकूंचं निरीक्षण चुकीचं नाही. नुसतं पाणी दिलं तर बरंचसं खालून जातंच. आणि म्हणूनच आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या जुलाब लागले की पाणी तोडायची पद्धत पडली. पण इथेच तर सगळी गंमत आहे. आतड्याच्या अस्तरात एक दार आहे. ते नुसत्या मिठाला उघडत नाही आणि नुसत्या साखरेलाही उघडत नाही. सत्यनारायणाला जसं जोडप्यानेच बसावं लागतं तसं मीठ आणि ग्लुकोज जोडीने आले तरच त्यांना आत घेतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली प्राग इथे हे मांडलं. आणि महत्त्वाचं म्हणजे पटकीसारख्या भयंकर रोगातही, जेव्हा माणसाच्या अंगातून बादल्या भरून पाणी जातं तेव्हाही, हे दार शाबूत असतं. संडास चालूच राहतात, पण आत जाणारं पाणी बाहेर जाणाऱ्याला पुरून उरतं. पुडी संडास थांबवत नाही हे खरंच आहे. तिचं ते कामच नाही. लेकरू संडासाने मरत नाही, ते अंगातलं पाणी आणि क्षार संपल्याने मरतं. संडास काही दिवसांत आपले आपण थांबतात, तोवर लेकराला टिकवून धरणं एवढंच आपल्या हातात असतं. काकू, हा फरक एकदा ध्यानात घ्या, मग माझ्यावर खुशाल ओरडा.

हे काही काल-परवा लागलेले शोध नाहीत. हेमेंद्रनाथ चॅटर्जी नावाच्या कलकत्त्याच्या डॉक्टरांनी १९५३ साली पटकीच्या १८६ रुग्णांना तोंडाने मीठ-ग्लुकोजचं पाणी देऊन बरं केल्याचं 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात छापून आणलं. कुणी लक्ष दिलं नाही. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश या दोन तरुण अमेरिकन डॉक्टरांनी मोजूनमापून पुन्हा सिद्ध केलं. तरी मोठमोठे डॉक्टर मान हलवत राहिले. हे दवाखान्यात ठीक आहे म्हणे, अडाणी माणसांच्या हातात कसं द्यायचं?

मग १९७१ साल उजाडलं. बांगलादेशच्या युद्धातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, पाऊस सुरू झाला, आणि बनगावच्या छावणीत पटकी पसरली. दिलीप महालनबिस हे मूळचे बालरोगतज्ज्ञ, तेव्हा कलकत्त्यात जॉन्स हॉपकिन्सच्या केंद्रात संशोधन करायचे. जून १९७१ मध्ये ते बनगावला पोचले. खोल्यांच्या जमिनीवर माणसं पडलेली आणि सलाईनचा साठा संपत आलेला. (हे नीट वाचा. सलाईन लावायची का नाही हा प्रश्नच तिथे उरला नव्हता, सलाईनच नव्हती.) त्यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज मोजून पाकिटं भरून घेतली, पिंपात पाणी कालवलं आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्या हातात पेले दिले. पाजा म्हणाले. ना नर्स, ना सुई. आधी फक्त सलाईनवर भिस्त असताना शंभरातली तीसेक माणसं दगावत होती, असं नोंदवलेलं आहे. त्यांच्या देखरेखीखालच्या साडेतीन हजारांहून जास्त रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्क्यांवर आलं.

अडाणी माणसांच्या हातात दिलं होतं. मरणाच्या दारातल्या, घरदार सुटलेल्या, डोक्यावर छप्पर नसलेल्या माणसांच्या आईबापांच्या हातात.

१९७८ साली त्याच 'लॅन्सेट'ने लिहिलं की विसाव्या शतकातला वैद्यकशास्त्रातला सर्वांत महत्त्वाचा शोध कदाचित हाच ठरेल. या पाण्याने जगभरात पाच कोटींहून जास्त जीव वाचले असा अंदाज सांगतात. महालनबिस १६ ऑक्टोबर २०२२ ला कोलकात्यात गेले. २०२३ च्या प्रजासत्ताकदिनाच्या आदल्या दिवशी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं, तेव्हा मी घरच्या ग्रुपवर बातमी टाकली होती. त्यावर एक नमस्कार आला आणि लगेच खाली कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. असो.

*

आता घरचं. गेल्या पावसाळ्यात आमच्या चुलत घरातल्या दीड वर्षाच्या लेकराला संडास लागले. मला फोन आला तेव्हा मंडळी गाडी करून एका खाजगी दवाखान्यात पोचली होती. कुठला ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, कारण दुसऱ्या दवाखान्यात वेगळं घडलं असतं याची मला खात्री नाही. मी विचारलं, लेकरू पितंय का? वहिनी म्हणाली, "पितंय की, वाटी हिसकावून घेतंय." वाटी हिसकावून घेणारं लेकरू! त्या लेकराची शीर सापडेना म्हणून तीन जागी टोचलं, चौथ्यांदा पायाला सापडली. दोन दिवस सलाईन. चिठ्ठीचा फोटो मला पाठवला. अँटिबायोटिक, उलटीचं औषध, संडास बांधायचं औषध, कसलीशी बॅक्टेरियाची पावडर, टॉनिक. ओआरएस? नाही. झिंक? नाही. बिल साडेचार हजार आणि गाडीभाडं वेगळं. बाप दुसऱ्याच्या रानात सालानं आहे. हे पैसे कुठून आले ते मला माहीत आहे आणि ते कसे फिटणार तेही.

लेकरू बरं झालं. आणि गावभर झालं की सलाईननं बरं झालं.

यातली प्रत्येक गोष्ट पुस्तकाच्या विरुद्ध आहे, आणि पुस्तक काही गुप्त नाही. साध्या जुलाबाला अँटिबायोटिक लागत नाही, ते रक्त पडत असेल किंवा पटकी असेल तर. संडास बांधायची औषधं लहान लेकरांना द्यायचीच नसतात, आतडं जागच्या जागी थबकतं आणि घाण आतच राहते. द्यायचं असतं ते ओआरएस, झिंक आणि खाणं. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जुलाब झालेल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ६०.६ टक्क्यांना ओआरएस मिळालं आणि झिंक फक्त ३०.५ टक्क्यांना. त्याच्या आधीच्या पाहणीपेक्षा हे आकडे बरे आहेत म्हणायचे. पण ज्या देशातल्या डॉक्टरांनी हे जगाला शिकवलं त्या देशात, पन्नास वर्षांनी, दहातल्या चार लेकरांना चिमूटभर पुडी मिळत नाही!

डॉक्टरांना विचारलं की ते खांदे उडवतात. "अहो, पेशंटलाच सलाईन पाहिजे असते. नाही लावली तर शेजारच्या दवाखान्यात जातात." हे आपण सगळ्यांनी ऐकलंय आणि मानही डोलावलीय. मलाही ते बराच काळ निम्मं खरं वाटायचं, कारण आपली माणसं मला माहीत आहेत. पण यावर कुणीतरी चक्क अभ्यास केला. झॅकरी वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो निबंध फेब्रुवारी २०२४ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. कर्नाटक आणि बिहार या दोन राज्यांतले दोन हजारांहून जास्त खाजगी वैद्यकीय व्यावसायिक. (कर्नाटक म्हणजे काही परदेश नाही, आपल्या देगलूर-उदगीरच्या पलीकडे सुरू होतं.) त्यांच्याकडे शिकवून तयार केलेले खोटे बाप पाठवले. दोन वर्षांच्या मुलाला जुलाब होतायत, औषध द्या म्हणून. कुणी काहीच मागितलं नाही, कुणी ओआरएसबद्दल स्वतःहून बोललं, कुणी अँटिबायोटिक मागितलं.

निघालं काय? ओआरएस न देण्यामागे पैशाचा लोभ फक्त ५ टक्के, दुकानात पुडी नसणं ६ टक्के. आणि "पेशंटला ओआरएस नको असतं" हा डॉक्टरांचा समज तब्बल ४२ टक्के. ज्या खोट्या बापाने ओआरएसचं नाव काढलं त्याला ते मिळण्याचं प्रमाण २७ टक्के अंकांनी वाढलं. नुसतं नाव काढल्याने!

म्हणजे बघा, डॉक्टर म्हणतो पेशंटला नको आहे, पेशंट म्हणतो डॉक्टरने दिली नाही म्हणजे ती बिनकामाची असणार. दोघं एकमेकांकडे बघत बसलेत आणि मध्ये लेकरू. लोभाची शिवी देणं सोपं होतं, मीही ती तयार ठेवली होती. पण हे त्याहून वाईट आहे. लोभी माणसाला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं.

तरीही डॉक्टरांना मी सोडणार नाही. पेशंटला नको असतं असं समजून जो गप्प बसतो त्याने पाच-सात वर्षं शिकून काय मिळवलं? पेशंटला जे हवं ते द्यायचं असेल तर किराणा दुकान काढावं. चार मिनिटं समजावून सांगणं हेच तर त्याचं काम. आणि ते काम राणीसावरगावात किंवा कुठल्याही गावात आशाताई करतात, तुटपुंज्या मानधनावर. घरोघरी पुड्या देतात, कालवून दाखवतात. २०१४ पासून केंद्र सरकारचा अतिसार नियंत्रण पंधरवडा निघाला, २०२४ पासून त्याला 'स्टॉप डायरिया' म्हणतात. पण आशाताईंनी फुकट दिलेली पुडी आपण घेतो, फळीवर ठेवतो आणि खाजगीत जातो. फुकट आहे ना, मग तिच्यात काय असणार! उद्या हीच पुडी कुणी अडीचशे रुपयांना सोनेरी डबीत विकली तर आपण ती देव्हाऱ्यात ठेवू.

आणि तसं झालंच. दुकानांत फळांच्या चवीचे खोके आले, नावात ठळक 'ओआरएस' ही अक्षरं. आजारी माणसाला भेटायला जाताना लोक न्यायला लागले. त्यात साखर सूत्राच्या कित्येक पट. जास्त साखरेने काय होतं ते लोणचं घालणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं ना? मुरांब्याच्या फोडींना साखर लावली की सुटतं ना? तसंच आतड्यात जास्त साखर गेली की ती अंगातलं पाणी ओढून आतड्यात आणते. जुलाब वाढतात. कोल्ड्रिंकचंही तेच, त्यात लिटरला शंभर ग्रॅमच्या वर साखर असते, सूत्रात साडेतेरा. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष या नावाच्या फसवणुकीविरुद्ध वर्षानुवर्षं एकट्या भांडल्या. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने एप्रिल २०२२ मध्ये बंदी घातली, जुलै २०२२ मध्ये "हे ओआरएस नाही" अशी बारीक ओळ छापण्याच्या अटीवर सैल केली आणि शेवटी १४ ऑक्टोबर २०२५ ला ती परवानगी काढून घेतली. ठळक अक्षरात ओआरएस आणि बारीक अक्षरात ओआरएस नाही! तीन वर्षं हे चाललं. कुणाच्या लेकरांवर चाललं?

*

यावर तात्या म्हणतील (म्हणालेतच) की पोरा, हे सगळं खरं, पण मुळात पाणी चांगलं दे, मग ना पुडी लागेल ना सलाईन. तात्यांचं बरोबर आहे. उन्हाळ्यात टँकरचं पाणी, पावसाळ्यात गढूळ पाणी, आणि नळ आला तरी पाईप गटारीतून. पाण्यासाठी भांडलंच पाहिजे. पण तात्या, पाण्याची योजना पूर्ण होईपर्यंत लेकरांनी थांबायचं का? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो आपलाच मुलूख. जिथे प्यायचं पाणी आगगाडीने येतं तिथे अंगातलं पाणी राखायची विद्या प्रत्येक घरात असायला नको?

पूर्वी पटकी आली की मरीआईचा गाडा करून गावच्या शिवेबाहेर ढकलायचे. पुढचं गाव तो आपल्या शिवेबाहेर ढकलायचं. आपण हसतो त्याला. आणि आता काय करतो? लेकरालाच ढकलतो. गावातून गंगाखेडला, गंगाखेडहून परभणीला किंवा नांदेडला. त्या दोन-तीन तासांच्या गाडीच्या प्रवासात लेकराच्या तोंडात एक चमचा पाणी जात नाही, कारण "दवाखान्यात गेल्यावर सलाईन लावतीलच की". टाळू खोल गेलेली दिसली की टाळूवर तेल थापतात. अहो, टाळू खोल गेली म्हणून लेकरू आजारी पडलेलं नसतं, अंगातलं पाणी संपलं म्हणून टाळू खोल गेलेली असते. तेलाची वाटी बाजूला ठेवा आणि पाण्याची घ्या.

बांगलादेशाने हे कसं केलं ते वाचून मला आपली लाज वाटते. तिथल्या ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत १ कोटी २० लाखांहून जास्त घरांत बायका पाठवून एकेका आईला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. पत्रकं वाटली नाहीत. आईच्या हातून करवून घेतलं. आणि शिकवणारणीचा पगार कशावर? किती घरं केली यावर नाही. नंतर दुसरा माणूस अचानक जाऊन आईला विचारणार, आईला जेवढं आठवेल तेवढा पगार. त्यात असंही कळलं की काही शिकवणारणींचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत होत्या. मग त्यांना परत बोलावून आधी पटवलं. आजही तिकडे त्याला 'ओरसॅलाइन' म्हणतात. तोंडाने घ्यायची सलाईन. शब्दात केवढी अक्कल आहे! लोकांना सलाईन हवी ना, मग घ्या सलाईन, फक्त तोंडाने. आपण 'पुडी' म्हटलं आणि तिची किंमत घालवली. पुडी म्हणजे तंबाखूची, पुडी म्हणजे अंगाऱ्याची.

पण मला वाटतं खरं कारण आणखी एक आहे आणि ते कुणी बोलत नाही. सलाईन टांगली की माणसं मोकळी होतात. बाप बाहेर जाऊन चहा पिऊन येतो. ओआरएसला मांडी लागते. १० किलोच्या लेकराच्या अंगातलं पाणी बरंच कमी झालं असेल तर पहिल्या चार तासांत ७५० मिली पाजायचं असतं. म्हणजे दर दीड मिनिटाला एक चमचा, सलग चार तास. हे कोण करतं? आई करते. आणि आईने केलेल्या कामाला आपल्याकडे उपचार म्हणत नाहीत. तेच पाणी कंपाउंडरने सुईतून सोडलं की उपचार झाला. लेकराला आईने वाचवलं असं गावात कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, डॉक्टरने वाचवलं असंच म्हणतात. आणि त्या आईला चार तास मांडी घालून बसू दिलं जातं का? कापूस वेचायला जायचंय, स्वयंपाक आहे, पाणी भरायचंय. बाबांनो, चमचा तुमच्याही हातात मावतो.

शिवाय आपल्या तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांवर जाणारी माणसं. कोपीत लेकरू आजारी पडलं तर आसपास ना ओळखीचा दवाखाना ना आशाताई, आणि एक दिवस खाडा झाला की उचल अंगावर वाढते. त्यांच्या पेटीत ज्वारीच्या पिठाबरोबर दहा पुड्या गेल्याच पाहिजेत. मुकादमाने गाडी भरताना विळा-कोयता मोजून घेतात, तशा पुड्या मोजून घ्यायला कुणाची हरकत आहे?

मी सलाईनच्या विरोधात नाही, हे पुन्हा सांगतो, नाहीतर अर्धवट वाचून कुणीतरी फोन करणारच. सलाईन जन्मली तीच पटकीसाठी, १८३२ साली थॉमस लाटा नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने पहिल्यांदा शिरेतून मिठाचं पाणी दिलं. जे लेकरू शुद्धीत नाही, पिऊच शकत नाही, त्याला सलाईनच लागते आणि तीही एका मिनिटाचा उशीर न करता. माझा राग वाटी हिसकावून घेणाऱ्या लेकराला सुई टोचण्यावर आहे.

ता.क. - पुडीवर आधी वाचा ती एक लिटरची आहे का २०० मिलीची. लिटरची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवायची. अर्धी पुडी अर्ध्या तांब्यात, चिमूटभर पेल्यात, असलं काही करायचं नाही. घट्ट केली तर जास्त गुण येत नाही, उलट मीठ जास्त होऊन लेकराच्या जिवावर बेततं. पाणी उकळून गार केलेलं, कालवलेलं २४ तासांनंतर फेकायचं. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात साखर सहा सपाट चमचे आणि मीठ अर्धा सपाट चमचा, चमचा चहाचा. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या, पुन्हा करा. दोन वर्षांखालच्या लेकराला दर संडासनंतर ५० ते १०० मिली, त्याच्यावरच्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने, सावकाश. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. वरचं खाणं तोडायचं नाही, ताकातल्या कण्या, मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचं पाणी, आपल्या आज्या द्यायच्या ते सगळं चालतं. झिंकची गोळी चमच्यात विरघळवून रोज एक, सहा महिन्यांवरच्याला २० मिलीग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, संडास थांबले तरी पूर्ण १४ दिवस. लेकरू सुस्त पडलं, पीत नाही, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू खाली जाते, डोळे खोल गेले, लघवी बंद झाली किंवा संडासातून रक्त पडलं तर एक क्षण न थांबता दवाखाना, आणि गिळता येत असेल तर रस्ताभर चमचा चालू.

पुढच्या आठवड्यात गावी येतोय. येताना पुड्या घेऊन येतो. आत्या, शेवयांचा तो उंच डबा रिकामा करून ठेव.